चारदा उसवलेली शाल

थाऊकाकांच्या घरी चहा प्यायचा तर आधी कपात डोकावून बघावं लागतं. अंगोरा सशाची लोकर इतकी हलकी, की पिशवीचं तोंड सोडायचा अवकाश, ती खोलीभर तरंगायला लागते आणि शेवटी उतरते ती हटकून चहाच्या कपात. पाहुणा तो केस चिमटीत धरून बाहेर काढतो आणि कसनुसं हसतो. काका त्याच्या हातून केस घेतात, खिडकीशी नेऊन उजेडात धरतात आणि म्हणतात, "बघा, डोळ्यांना दिसतो तरी का? याला म्हणतात माल!" यावर पाहुण्याने काय बोलावं? तो बिचारा चहा पितो.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवर काम करणाऱ्यांचा हा रोजचा शब्द. काका चाळीस वर्षं पंपांच्या कारखान्यात टर्नर होते आणि त्यांच्या हातून उतरलेला दांडा दोन थाऊंनी जास्त भरला तरी त्यांना जेवण जात नसे. बाकीची दुनिया 'जरासं', 'थोडंसं', 'उगीच केसभर' म्हणून वेळ मारून नेते. काकांनी या शब्दांशी उभा दावा मांडलेला. कारखान्यात कुणीतरी त्यांना थाऊ म्हणायला लागलं, इमारतीतल्यांनी पुढे काका जोडलं, आणि खरं नाव आता फक्त जिन्याखालच्या टपालपेटीवर उरलं आहे.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हातात एक लाल रबरी चेंडू ठेवला आणि दिवसातून शंभरदा दाबायला सांगितलं. चाळीस वर्षं पोलाद कातलेल्या माणसाला चेंडू! चौथ्या दिवशी काका तो परत घेऊन गेले.

"हा दाबून निघतं काय?" त्यांनी विचारलं. "ज्यातून काहीतरी निघेल असं काम सांगा."

बाईंच्या टेबलावर त्यांचं स्वतःचं अर्धवट विणकाम पडलं होतं. त्यांनी तेच पुढे सरकवलं. "मग हे करा."

आठवड्याभरात काका उलटे-सुलटे टाके शिकले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकानातून आणलेल्या लोकरीला मायक्रोमीटर लावला आणि तिथे घोडं अडलं. मायक्रोमीटर म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी थाऊपर्यंत सांगणारं हत्यार. काकांचं ते कारखान्यातलं सगळ्यात लाडकं हत्यार, मखमलीच्या डबीत ठेवलेलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे लोकर एका जागी चाळीस थाऊ होती आणि वीतभर पुढे बावन्न.

"हा माल पास कसा झाला?" काकांनी काकूंना विचारलं. सूर असा, की जणू काकूंनीच शिक्का मारला होता.

"काय माहीत," काकू म्हणाल्या.

मग काकांनी ठरवलं, सूतसुद्धा आपणच कातायचं. पोलादही कातायचं, सूतही कातायचं; त्यांच्या मते धंदा तोच होता, फक्त माल बदलला होता. जुन्या कारखान्यात जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तीन टकळ्या करून आणल्या. शिसवी दांडी, पितळी चकती आणि तोल असा, की एकदा फिरवली की टकळी थांबायचं नाव घेत नसे. लोकरीचा पुंजका डाव्या हातात, टकळी खाली अधांतरी फिरतेय, आणि दोहोंच्या मध्ये काहीच नव्हतं तिथे सूत येतंय. काकांना या गोष्टीचं वेडच लागलं.

आता काकूंबद्दल. काकू एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर छत्तीस वर्षं बसत होत्या. दिवसभर हजार माणसं बोलणार, काकू त्यांना "थांबा, जोडते" एवढंच म्हणणार. ती सवय अंगात इतकी भिनली, की घरीही त्यांचं बोलणं दोन शब्दांच्या वर जात नसे. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सगळे नातेवाईक तासभर बोलले आणि काकू म्हणाल्या, "बरं झालं." लेक सांगते, आई त्या दिवशी भयंकर खुशीत होती.

बोर्डाची खोली थंडगार. तिथल्या यंत्रांना गारवा लागतो, माणसांना काय लागतं हे कुणी विचारलेलं नाही. आणि काकूंची पंचाईत अशी, की साध्या लोकरीने त्यांच्या मानेवर पुरळ उठतं. स्वेटर घातला की संध्याकाळपर्यंत मान लालबुंद. म्हणून छत्तीस वर्षं त्या सुती ओढणी दुहेरी करून कुडकुडत बसल्या. काका विणायला लागले तेव्हा त्यांचा पहिला विचार हाच होता: हिच्यासाठी एक शाल. बकरीच्या पोटाखालची सगळ्यात मऊ पश्म घ्यायची, त्यात रेशीम मिसळायचं, आणि अशी शाल करायची की मानेला कळूसुद्धा नये. हा जॉब नंबर एक. तीन वर्षांपूर्वी सुरू झालेला.

जॉब म्हणायचं कारण, काका घरातही कारखानाच चालवत होते. प्रत्येक कामाची वेगळी टोपली, टोपलीला दोऱ्याने बांधलेलं कार्ड, कार्डावर नंबर, माल, कुणासाठी आणि किती झालं. जॉब नंबर दोन, लेकीचे अल्पाकाच्या लोकरीचे हातमोजे: एक पूर्ण, दुसऱ्याचा फक्त अंगठा. नंबर तीन, व्याह्यांची टोपी, याकच्या तपकिरी लोकरीची. नंबर चार, डॉक्टरीणबाईंचा मफलर. नंबर पाच, शेजारच्या बाळाचा अंगोराचा स्वेटर. तिन्ही टकळ्यांवर तीन निराळी सुतं. एवढ्या जॉबांचं कारण विचारलं, की काका म्हणत, "मशीन रिकामं ठेवायचं नसतं. एक जॉब गार होईपर्यंत दुसरा चढवायचा." सकाळी बाल्कनीत कातणं, दहाला हातमोजा, जेवणानंतर टोपी, चारनंतर शाल. एखाद्या वेळी चुकून मफलराचा धागा टोपीत जायचा आणि मग दोन्ही कार्डांवर तांबड्या शाईने शेरा पडायचा.

गंमत एवढीच, की या कारखान्यातून आजवर एकही माल बाहेर पडला नव्हता. सगळं चालू होतं आणि काहीच होत नव्हतं. त्यातही शालीची कथा निराळीच. बाकीची कामं अर्धवट राहत. शाल उसवली जाई. पहिल्यांदा उसवली कारण सूत तीन थाऊंनी कमी भरलं. दुसऱ्यांदा पाच थाऊंनी जास्त. तिसऱ्यांदा मायक्रोमीटर एका लडीला पस्तीस म्हणाला आणि दुसरीला एकोणचाळीस, एवढ्यावरून अर्ध्याहून जास्त झालेलं काम काकांनी एका दुपारीत उसवून टाकलं. काकू कामावरून आल्या, त्यांनी गुंड्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते काकांनी त्या दिवशी ऐकून घेतलं नाही.

मग काकूंची निवृत्ती जवळ आली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजता हॉस्पिटलच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला. लेकीने फोन केला, काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, त्या दिवशी काय घालणार?"

"बाबांची शाल."

काकू एवढं बोलून भाजी चिरायला लागल्या. तिकडून लेक हळूच म्हणाली, "बाबा, ऐकलंत ना? आईने आयुष्यात कधी तुमच्याकडे काही मागितलंय का? आणि तिनं बोर्डावरच्या सगळ्यांना सांगूनसुद्धा ठेवलंय. आता जर का उसवलीत ना..." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही.

त्या दिवसापासून शालीला दोन पाळ्या मिळाल्या. शाल ते लांबीच्या बाजूने विणत होते. लांब तारेच्या गोल सुईवर तीनशे चाळीस टाके आणि ओळीवर ओळ चढत जाणारी. मायक्रोमीटरने प्रत्येक लड पस्तीस थाऊ म्हणून पास केली होती. सोळा दिवस राहिले आणि दोन तृतीयांश काम झालं, तेव्हा काकांनी किती झालं ते डोळे भरून बघायचं ठरवलं. तारेवर सगळं गोळा झालेलं दिसतं, म्हणून टाके एका लांब दोऱ्यावर उतरवून घेतले आणि शाल पलंगावर पसरली.

खालची कड साठ इंच. वरची एकोणसत्तर.

काकांनी पुन्हा मोजलं. मग टेप उलटा धरून मोजलं. नऊ इंच! नऊ इंच म्हणजे नऊ हजार थाऊ. आयुष्यात दोन थाऊंसाठी जेवण सोडलेल्या माणसापुढे नऊ हजार थाऊ पलंगावर आडवे पडले होते. त्यांनी शाल उशीच्या अभ्र्यात घातली, सुरुवातीच्या आणि शेवटच्या लडीचं उरलेलं सूत खिशात कोंबलं आणि लोकरीचं दुकान गाठलं.

दुकानदारीण शिडीवर चढून वरच्या फळीवर रेशीम लावत होती. सगळा परिसर तिला लोकरवाली म्हणतो. काकांनी खालूनच सगळी कैफियत मांडली आणि खिशातून मायक्रोमीटर काढून दाखवला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही लोकर याच्यात दाबून मोजता?"

"दाबून कशाला? बरोब्बर तीनदा टिक वाजेपर्यंतच स्क्रू फिरवायचा. प्रत्येक वेळी सारखं."

लोकरवाली इतकी हसायला लागली, की तिला शिडीवरून उतरावं लागलं. मग तिने लाकडी पट्टी घेतली. पहिल्या लडीचं सूत न ओढता, शेजारी-शेजारी, एका इंचात गुंडाळलं. चोवीस वेढे बसले. दुसऱ्या लडीचं गुंडाळलं. सोळा.

"हे तुम्ही आधी कातलंत ना? भीतभीत, पीळ घट्ट. आणि हे नंतर. हात बसला, सूत फुगलं. तुमच्या हत्याराने फुगलेलं दाबून पातळ केलं आणि दोघांना एकच माप दिलं. सूत दबतं हो काका. त्याच्यात हवा असते. पोलादात असते का?"

काकांनी पट्टीवरचे वेढे स्वतः पुन्हा मोजले. आणि मग त्यांच्या भलतंच लक्षात आलं. हत्यार आजच खोटं बोललं असेल असं कशावरून? तीन थाऊ कमी, पाच थाऊ जास्त, पस्तीस आणि एकोणचाळीस; ती तिन्ही वेळची शाल कदाचित चांगली होती. तीन वर्षांपूर्वीच झाली असती. तीन हिवाळे काकू त्या गार खोलीत उगाच कुडकुडल्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पश्म द्या," ते म्हणाले. "वरचा भाग परत करतो."

"पश्म कुठली? बकऱ्या वसंतात झडतात. दोन महिने तरी माल नाही."

घरी येऊन त्यांनी वरचा फुगीर भाग उसवायला घेतला. ही चौथी वेळ. याआधी उसवताना त्यांना एक प्रकारचं समाधान वाटे, खोट काढून टाकल्याचं. आज प्रत्येक ओळ सुटताना नुसतं वाईट वाटत होतं. निम्मं उसवलं होतं तेव्हा किल्लीचा आवाज झाला. काकू दारात उभ्या राहिल्या. काका काहीतरी सांगायला गेले, हत्यार, हवा, चोवीस वेढे, पण शब्दांची नुसती खिचडी झाली.

काकू आज "बरं" म्हणाल्या नाहीत. त्यांनी पर्स ठेवली, समोरची खुर्ची ओढली आणि दोन्ही हात पुढे धरले. उसवलेलं सूत कुरळं होतं. ते लडीसारखं गुंडाळून ओलं करून वाळवावं लागतं, आणि त्यासाठी कुणाचे तरी दोन हात लागतात. काका सूत त्या हातांवर चढवत राहिले. दिवसभर फोन जोडून आलेले ते हात तासभर हवेत तसेच होते.

"किती दिवस?" मध्येच काकूंनी विचारलं.

"पंधरा तरी."

"सोळा आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कारखाना बंद केला. सगळ्या टोपल्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या. पश्म नव्हती, पण मऊ माल घरात ठिकठिकाणी अडकून पडला होता: उसवलेल्या सुताखेरीज न कातलेला अल्पाका, याक, अंगोरा, रेशमाचे पुंजके. सगळं एकत्र पिंजलं तर शालीचा वरचा भाग निघत होता. फक्त त्या त्या मालकांची परवानगी हवी. माल दुसऱ्या जॉबचा असेल तर न विचारता उचलायचा नाही, हा कारखान्याचा कायदा काकांनी कधी मोडला नव्हता.

पहिला फोन लेकीला. "तुझा हातमोजा आणि तुझ्या सासऱ्यांची टोपी रद्द करतोय. त्यांना वाईट तर नाही वाटणार?"

"बाबा, तुमच्या टोपीची वाट बघून त्यांनी एक विकत आणली. ती जुनी झाली. परवा दुसरी आणली. तुम्ही खुशाल रद्द करा."

मग काका शेजारचं दार वाजवायला गेले. बाळाच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि हसू आवरत म्हणाली, "काका, बाळ शाळेत जातं आता." बाळ तिच्या मागे उभं राहून दप्तर भरत होतं. त्याने काकांना सांगितलं की त्याला स्वेटर आवडतही नाही.

डॉक्टरीणबाईंचा मफलर तेवढा वाचला, कारण त्याची लोकर टोचरी होती.

मग काका दोन दातेरी ब्रश घेऊन बसले आणि सगळा माल एकमेकांत पिंजून काढला. पांढरी, करडी, तपकिरी लोकर आणि मधूनच चमकणारं रेशीम मिळून दुधाच्या चहाचा रंग आला. खालचा भाग सायीच्या रंगाचा, वरचा चहाचा. आता जे आहे ते आहे. सूत पट्टीवर गुंडाळून मोजायचं, न ओढता. चोवीस वेढे. काकांना ते भयंकर ढिसाळ वाटे, पण चोवीस बसले की बसले.

सगळ्यात कठीण गेलं ते एकाच कामावर बसणं. पाच जॉब खेळवायची सवय लागलेल्या हातांना एक शाल म्हणजे शिक्षा होती. दहा वाजले की हात आपोआप हातमोज्याची टोपली शोधायचा. कातता कातता नवीन कल्पना सुचायच्या: याक आणि रेशमाचे पायमोजे, एखादी उशी. एकदा तर काकांनी नव्या जॉबचं कार्डही लिहिलं. काकूंनी ते वाचलं, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल हलायचं थांबलं आणि काकाही.

बारा दिवसांत सूत झालं. उरलेल्या चार दिवसांत जिवाचं रान करून त्यांनी विणलं. शेवटच्या दिवशी काकू सकाळपासून कामावरच होत्या, आणि काकांची शेवटची ओळ संपली तेव्हा दोन वाजून गेले होते. आता तीनशे चाळीस टाके बंद करायचे राहिले होते. ते केल्याशिवाय शाल सुईवरून उतरत नाही. ओढली तर सगळं मुसळ केरात जाणार. काका सुईसकट शाल घेऊन टॅक्सीत बसले. टॅक्सी गचके खाई आणि काका दर गचक्याला "हळू हो, टाका पडेल!" म्हणून ओरडत. टॅक्सीवाल्याला वाटलं, म्हातारबाबा नुकतेच ऑपरेशन होऊन आलेत. त्याने पुढचा सगळा रस्ता बैलगाडीच्या चालीने काढला.

सभागृहात पोचले तेव्हा मोठे डॉक्टर बोलत होते. काका मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसले आणि मांडीवर काम सुरू केलं. दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उतरवायचा. एक विणायचा, पुन्हा मागचा उतरवायचा. घाई केली की कड आवळते. दोनशे ऐंशी राहिले. दोनशे पन्नास. मग माइकवर घोषणा झाली, की आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील. सभागृहात हशा पिकला, कारण दोनच बोलतील हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर फुलं, फोटो, आणि कार्यक्रम खलास. सुईवर दोनशे चाळीस टाके होते.

काकू माइकपाशी आल्या. गळ्याशी तीच सुती ओढणी. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली, ती मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर येऊन थांबली. काकांनी सुई जराशी वर केली. तारेवर टाक्यांची केवढी तरी रांग होती.

काकूंनी माइक जवळ ओढला.

"मी पहिल्या दिवशी इथे आले," त्या म्हणाल्या, "तेव्हा बोर्डाला वायरी होत्या. लाल, पिवळ्या आणि हिरव्या."

आणि त्या बोलतच राहिल्या! वायरींबद्दल बोलल्या, त्या कुठून कुठे जात ते सांगितलं. पहिल्या दिवशी बाळंतपणाचा फोन हाडांच्या विभागाला कसा जोडला, ते सांगितलं. रांगारांगांतून माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकांना आधी वाटलं, ही घाबरलीय. मग त्यांनी मान वर केली आणि पाहिलं, की काकू सभेकडे बघतच नाहीयेत. त्या त्यांच्या हातातल्या सुईकडे बघतायत. वेळ काढतायत. काकांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी टाके दिसत नाहीत म्हणून त्यांनी ते बाहीने घाईघाईने पुसले. एकशे सत्तर.

"एका कारखान्यातून एक फोन यायचा," काकू सांगत होत्या. "रोज दुपारी एक वाजता. माणूस म्हणायचा, डोळ्यांचा विभाग द्या. मी द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, डोळ्यांचा विभाग. असे आठ दिवस. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, या माणसाच्या डोळ्यांना झालंय तरी काय? ते म्हणाले, कुणास ठाऊक, मी हॅलो म्हटलं की तो ठेवून देतो. मग नवव्या दिवशी मी जोडलाच नाही. म्हटलं, काय असेल ते इथेच बोला."

सभागृह हास्याने दणाणलं. मागच्या रांगेत काकांचे कान लालेलाल झाले, सुई चुकली आणि एक टाका सुईवरून निसटून दोन ओळी खाली घसरला. त्यांनी तो कसाबसा वर घेतला. नीट बसला नाही. एक बारीक फट राहिली. परत मागे जायला वेळ कुठला? तसेच पुढे गेले. नव्वद.

आता काकूंकडचं बोलणं संपलं. छत्तीस वर्षांचा साठा सोळा मिनिटांत संपला होता. मोठे डॉक्टर पुष्पगुच्छ घेऊन अर्धवट उठले. काकूंनी सुईकडे पाहिलं आणि एक श्वास घेतला.

"रक्त तपासणी, दोनशे चार," त्या म्हणाल्या. "क्ष-किरण, दोनशे सात. बाळंतपण, दोनशे अकरा."

डॉक्टर पुन्हा बसले. कुणाला काही कळेना. मग बाळंतपण विभागाच्या परिचारिकांनी एकदम टाळ्या वाजवल्या. "हाडं, दोनशे बावीस," आणि दुसऱ्या कोपऱ्यातून शिट्टी आली. हॉस्पिटलातला प्रत्येक नंबर काकूंना तोंडपाठ होता आणि आता प्रत्येक विभाग आपला नंबर यायची वाट बघत होता. धुलाई, औषधं, स्वयंपाकघर. स्वयंपाकघरवाल्यांनी तर खुर्च्या बडवल्या. काकांच्या सुईला त्या टाळ्यांची लय सापडली. चाळीस. पंचवीस. दहा.

"डोळे," काकू म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "तीनशे एक."

काकांनी शेवटचा टाका ओढून घेतला, धागा दातांनी तोडला आणि रिकामी सुई वर केली.

"झालं," काकू माइकमध्ये म्हणाल्या आणि खाली उतरल्या. डॉक्टर हातात पुष्पगुच्छ घेऊन तिथेच उभे राहिले. काकू मधल्या वाटेने सरळ मागच्या रांगेपर्यंत आल्या, ओढणी काढून खुर्चीवर ठेवली आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. काकांनी शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या, पण दोघांनाही त्या नीट ऐकू आल्या नाहीत.

माइकवर कुणीतरी आभार मानायला लागलं. काकू काकांच्या शेजारी बसल्या. काकांनी पाच मिनिटं दम धरला. मग वाकून कानात कुजबुजले, "अगं, तिथे वरच्या कडेला एक टाका निसटलाय. दोन ओळी खाली. घरी गेल्यावर मी तेवढंच उसवून..."

काकूंनी शाल दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरली.

"हात लावून तर बघा!" त्या म्हणाल्या.

काकांनी हात मागे घेतला. मग जरा वेळाने त्यांनी हात लावलाच, पण शालीच्या आतल्या हाताला.